घरटी एक गडी

शके १८८३, भाद्रपद अमावास्या. कुलाबा जिल्ह्यातील धरमतर खाडीकाठचे एक खारगाव. भर दुपारच्या उधाणाने खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड पडली आणि सरपंच बाळाजींनी स्वतः ढोल बडवायला घेतला. आत भात लोंबीवर आले होते.

पूर्वापार रिवाज असा, की ढोल वाजताच घरटी एक गडी धावून येई. गडी खांडीत छातीभर पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे राहत आणि त्यांच्या पाठीशी चिखल थापला जाई. त्यापायी प्रत्येक घराला एक धडधाकट पोर गावातच डांबून ठेवावे लागे. हा जाच बाळाजींना पाहवला नाही. बांध सरकारच्या हवाली करावा, हे त्यांनी गावाला पटवले. तेही हुकमाने नव्हे, तर उंबऱ्याउंबऱ्यावर बसून, ज्याचे त्याचे गाऱ्हाणे ऐकून.

ढोल ऐकून सारा गाव लोटला. टोपल्या आल्या, फावडी आली, बायका आल्या, म्हातारे आले.

"काकी, गडी कुठं हायत?" बाळाजींनी चुलतीला, आवडाबाईला विचारले.

"ममईला, गिरनीत. तूच बोललास ना, पोरांना मोकलं करा?"

"सायबाला सांगावा धाडलाय. येतील मानसं."

"येतील. भरती थांबंल व्हय तवर?"

बाळाजींच्या हातातला ढोल थांबला. खांड रुंदावत होती. आवडाबाईने डोक्यावरची चिखलाची टोपली खाली ठेवली.

"तुजं कायबी चुकलं न्हाय, बाला," ती म्हणाली. "शेती तेवडी गेली."