मास्तरांचा दुखवटा

समोरचा गेल्याची बातमी आली तेव्हा मास्तर एका पँटला काज करत होते. त्यांनी सुई टोचून ठेवली, बायकोला चहात आज दुप्पट साखर घालायला सांगितलं आणि शिट्टी वाजवत मशीनवर बसले. गेला एकदाचा, असं ते बायकोला सांगून झाले, आल्या गिऱ्हाइकाला सांगून झाले, शेवटी भिंतीवरच्या येशूलाही सांगून झाले.

समोरचा म्हणजे समोरच्या दुकानातला शिंपी. त्याचं नाव या घरात कोणी घेत नसे. मास्तर गिऱ्हाइकांचं कापड चोरतात, ही आवई त्यानेच उठवली होती. अर्धी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेली. तेही एक वेळ चाललं असतं. पण मास्तरांच्या वडिलांनी शेवटच्या आजारात मुलाचा हात धरून विचारलं होतं, खरंच चोरतोस का रे? मास्तर नाही म्हणाले. म्हाताऱ्याला ते पटलं की नाही, हे कळायच्या आत म्हातारा गेला. त्याबद्दल समोरच्याने नरकात नीट भाजून निघावं, एवढीच मास्तरांची साधी अपेक्षा होती.

झग्याची उसवलेली शिवण घालून घ्यायला फादर आले, तरी शिट्टी चालूच होती. फादरांनी ती कडवं संपेपर्यंत ऐकून घेतली.

"मास्तर, शत्रू पडला म्हणून आनंद करू नये. देव ते बघतो. त्याला ते आवडत नाही, आणि मग तो त्या शत्रूवरचा राग सोडून देतो. शास्त्रातच आहे तसं."

"सोडून देतो म्हणजे? सगळा?"

ते देवालाच ठाऊक, असं म्हणून फादर झगा ठेवून निघून गेले. मास्तरांना लाज वाटावी, असा त्यांचा हेतू होता. मास्तर लाजले नाहीत, घाबरले. सकाळपासून आपण किती हसलो, हे त्यांनी आठवून बघितलं. समोरच्यासाठी नरकात चढवलेली तेलाची कढई एव्हाना कोमट झाली असणार. त्यांनी उरलेला चहा मोरीत ओतला आणि आरशात बघून चेहरा जमेल तेवढा पाडला. आता या घरात कोणी हसायचं नाही, असं त्यांनी बायकोला बजावलं. ती तोंडावर हात धरून आत पळाली.

मग मास्तर रस्ता ओलांडून समोरच्याच्या घरी गेले. त्यांना दारात बघून जमलेली माणसं आखडली. मास्तरांनी खुर्च्या मांडल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी दिलं, मधूनमधून सुस्कारे सोडले. तासाभरात माणसं विरघळली. एवढं होऊनही आला, मनाचा मोठा माणूस, असं बोलणं सुरू झालं. समोरच्याची काही जुनी गिऱ्हाइकं जिन्यात कुजबुजली की आता कपडे मास्तरांकडेच टाकायचे. देवाचा राग शाबूत आणि धंदाही परत, म्हणजे मास्तरांची पाचही बोटं तुपात होती. त्यांना हसू यायला लागलं, तेव्हा त्यांनी जीभ चावून धरली.

तेवढ्यात समोरच्याची बायको एक काळा कोट घेऊन आली.

"भाऊ, हा त्यांचा लग्नातला. आता फार मोठा होतोय. उद्या हाच घालायचा आहे. मी दुसऱ्या कुणाला सांगू?"

मास्तर टेप घेऊन आतल्या खोलीत गेले. माप घेताना त्यांनी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. पण टेप छातीभोवती गेली आणि नको तेवढी उरली. मास्तरांना वाटलं, आपलंच काही चुकलं. त्यांनी पुन्हा माप घेतलं. बोटांना फासळ्या लागत होत्या.

दुकानात येऊन त्यांनी कोट उसवला. आधी वाकडा शिवायचं मनात होतं, पण हाताला ते जमेना. दोन्ही बाजूंनी घेतलं तरी कोट सैल. परत घेतलं. बाह्या घेतल्या, खांदे घेतले. शेवटी टेबलावर एवढं कापड निघालं की त्यात एका लहान पोराचं जाकीट झालं असतं. मास्तर त्या ढिगाकडे बघत बसले. समोरचा आजारी आहे हे त्यांना माहीत होतं. आजारी म्हणजे इतका, हे माहीत नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे एक माणूस असा झिजत होता आणि आपण इकडे शिट्टीचा सराव करत होतो. त्यांना समोरच्याची दया आली. दया आल्याचा रागही आला. पण आता याच्यावर आणखी कढई म्हणजे फारच झालं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. त्यांनी कोटाला कडक इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी कबरस्तानात माणसांनी मास्तरांना वाट करून पुढे उभं केलं. फादरांची प्रार्थना झाली. पेटी खाली जायला लागली, आणि मास्तर हसले.

पहिलं हसू घशातच अडकलं. दुसरं बाहेर पडलं. मग ते पोट धरून, मान वर करून, मोठमोठ्याने हसत सुटले. कोणीतरी त्यांची कॉलर धरली. समोरच्याची गिऱ्हाइकं तोंड फिरवून चालू लागली आणि त्यांच्याबरोबर मास्तरांची स्वतःचीही दोन-चार गेली. समोरच्याची बायको रडायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. तिची नजर मास्तरांना सोसवेना, तरी ते दम संपेपर्यंत हसले.

फादरांनी त्यांना दंडाला धरून भिंतीपर्यंत ओढत नेलं. माणूस आहात की कोण, एवढंच रागाने विचारलं. मास्तरांनी बाहीने डोळे पुसले. एकदा वर बघितलं आणि हळूच म्हणाले,

"एवढं पुरेल ना, फादर? की अजून हसू?"