सोमाचे गप्पी

सुरतेत बमरोलीच्या लूम कारखान्यात मागावर असलेल्या सोमाला माशांचा भारी नाद. खोलीतल्या काचेच्या पेटीत त्यानं रंगीत शेपट्यांचे गप्पी जिवापाड जपले होते. शेजारच्या मागावरचा धम्मरत्न शहाण्णवचा अख्खा पावसाळा त्याच्या मागे लागला होता, "घरच्या पाण्याच्या टाकीत डासांच्या अळ्या झाल्यात रे. चार गप्पी दे, खाऊन टाकतील."

"पिल्लं वाढू दे, मग देतो," म्हणून सोमा टाळायचा. एक मासा द्यायचा म्हटलं तरी त्याच्या जिवावर यायचं. पुढं धम्मरत्न पलसाण्याच्या मिलमध्ये लागला आणि भेट तुटली.

गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. दिवाळीपर्यंत पेटीत जागा उरली नाही, तेव्हा सोमा बरणी भरून धम्मरत्नच्या दारी गेला.

"वहिनी, त्यानं मागितले होते. आठ दिवसांत अळ्या साफ होतील."

धम्मरत्नच्या बायकोनं, शकूनं टाकीचं झाकण उचललं. सोमानं बरणी उपडी केली.

"धम्मरत्न आला की सांगा त्याला."

"मलेरियानं गेले ते, भाऊजी," शकू म्हणाली. "शेवटपर्यंत मला टाकीतलं पाणी ओतू दिलं नाही. म्हणायचे, सोमा मासे आणणार आहे."