हवामान गट

भाऊजींनी सगळा कट एका मेसेजमध्ये फोडला. मग त्यांनी तो मेसेज पुसून टाकला, त्यामुळे तसं काही घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ.

तर मेव्हणी चिडलेली होती. माणसं मिळून ज्ञान कसं तयार करतात आणि त्यात संगणक किती कामाला येतो, हा तिच्या संशोधनाचा विषय होता. त्यासाठी तिला एकत्र काम करणारी, पण तिचं मन राखायला खोटं वागणार नाहीत अशी माणसं हवी होती. ती बहिणीकडे राहायची आणि बहिणीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. भाऊजींनी आपली टोळी देऊ केली. टोळीने मन न राखण्याची अट फारच मनावर घेतली.

वर्कशॉपमध्ये मेव्हणीने मोठा स्क्रीन लावून दिला. कुठली लिफ्ट का अडकली, कशी सुटली, हे एकाने त्यावर लिहायचं, दुसऱ्याने भर घालायची, तिसऱ्याने चूक काढायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर महिनोन्‌महिने स्क्रीनवर एकच नोंद होती, "नमस्कार, इथे लिहा." ती तिचीच होती. पुढे कोणीतरी त्याखाली "बरं" असं लिहिलं. त्या "बरं"वर मेव्हणीने अर्धं प्रकरण लिहिलं. मार्गदर्शकांनी ते परत पाठवलं आणि मुदत आता वाढणार नाही, माहिती आणा नाहीतर विषय सोडा, असंही कळवलं.

मुलाखतींत मात्र सगळे मधासारखे. स्क्रीनमुळे आमच्यात संवाद वाढला, असं म्हणायचे. ती खूश होऊन लिहून घ्यायची. घरी आल्यावर कळायचं की मुकादमापासून ग्रीसवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच वाक्य म्हटलंय, आणि "आमच्यात"नंतर सगळे सारखेच खोकलेत.

त्या दिवशी ती वर्कशॉपला जायला घराखालच्या बसस्टॉपवर उभी होती. फोन वाजला. घरच्या ग्रुपवर, आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेखाली, भाऊजींचा मेसेज चुकून पडला होता.

"निघालीय. पिशवी डाव्या खांद्यावर. संवादवालं वाक्य शिळं झालं, वापरू नका."

तिने वर पाहिलं. भाऊजी खिडकीत होते. मग नव्हते. मग मेसेजही नव्हता. बहिणीने तेवढ्यात त्याखाली अंगठा टाकला होता, पण ती सगळ्याखालीच टाकते.

मेव्हणी जिना चढून परत आली आणि दारातच हात पुढे केला. भाऊजींनी आधी पाण्याचं विचारलं, मग एक्स-रेचं. मग फोन दिला.

फोनवरच्या टोळीच्या गटाचं नाव होतं "हवामान". सुरुवातीला मुकादमांनी लिहिलं होतं की ताई बुधवारी येतात. फिटरने ते खोडून काढलं होतं. वार काही नसतो, मार्गदर्शक ओरडले की येतात. भाऊजींनी घरची उदाहरणं देऊन त्याला दुजोरा दिला होता. पिशवी उजव्या खांद्यावर असेल तर नुसती चौकशी. डाव्या खांद्यावर असेल तर आत रेकॉर्डर आहे, कामं उरकून घ्या. वायरमनला हे पटलं नव्हतं. त्याने कित्येक भेटींत नुसते खांदे पाहिले होते आणि मग सर्वांसमक्ष माघार घेतली होती. ग्रीसवाला नवीन लागला तेव्हा त्याच्यासाठी सगळ्याचं सार काढलं होतं. त्यानेही एक शंका काढली होती, आणि ती रास्त असल्याचं मुकादमांनी मान्य केलं होतं.

वाचता वाचता तिचा राग कुठल्या तरी मधल्या मजल्यावर अडकला. ती चपलांच्या कपाटावर बसली. अंदाज, हरकत, पडताळणी, दुरुस्ती. ज्याच्यासाठी तिने स्क्रीन टांगला, डोळे फोडले, त्या "बरं"चा कीस पाडला, ते सगळं इथे नीट चाललं होतं. फक्त विषय ती स्वतः होती.

तिने विचारलं की हे प्रबंधात घेऊ का. घे की, भाऊजी म्हणाले. पण विद्यापीठाचा नियम होता: चोरून वाचलेलं चालत नाही. सगळ्यांना सांगून, गटात बसून, चालू असताना पाहायचं.

"मग मला गटात घ्या."

"अगं, तू आलीस तर लिहील कोण?"

फोन अजून तिच्याच हातात होता. देण्यापूर्वी भाऊजींनी गटावर "सापडलो" असं कळवून ठेवलेलं दिसलं. त्याखाली एकेक उत्तर येत होतं.

मुकादम: "आता अर्ज करतील. कुणी उत्तर देऊ नका."

वायरमन: "आज की उद्या?"

मुकादम: "आजच. राग आला की शुद्ध लिहितात."

तिने फोन परत दिला आणि खोलीत जाऊन दार लावलं. अर्ज जेवणाआधीच पोचला.

"प्रति, मा. मुकादम, लिफ्ट दुरुस्ती विभाग.

विषय: 'हवामान' गटात प्रवेश मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, संशोधनाच्या हितासाठी मला सदर गटात त्वरित सामील करून घ्यावे. मी सामील झाल्याचे कोणत्याही सदस्याने मनावर घेऊ नये व माझ्याविषयी पूर्वीइतकेच मोकळेपणाने लिहीत राहावे. तसेच प्रस्तुत अर्जावर आपणांत जी चर्चा होईल, ती मला कळू न देता मला दाखवण्यात यावी, ही नम्र विनंती."