तिसरा बदाम

राक्षसाचं मरण अटळ असतं आणि त्याची घटिका आधीच लिहिलेली असते, असं पुराणं सांगतात. येसाजीची घटिका सव्वाआठची होती. कारण देव झालेल्या नाथूला महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी होती, आणि कंपनीची बस पावणेनऊला फाट्यावर येते.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत येसाजी चौतीस वर्षं जत्रेच्या नाटकात मरत आला होता. त्याचं मरण बघायला खालच्या गावांतनं माणसं चढून यायची. यंदा मात्र मंडळाने त्याचे गुडघे बघून ठरवलं, हे शेवटचं. राक्षस मेला की देवळापुढे नारळ फुटायचा, आणि मग येसाजीने आपली लाकडी गदा चुलत नातवाच्या, स्वराजच्या हातात द्यायची. राक्षस मेल्याशिवाय नारळ नाही आणि नारळाशिवाय गदा नाही, ही वाडीची रीत.

स्वराज ठाण्याला मोबाईलच्या दुकानात होता. यंदाचं नाटक त्यानेच लिहिलं होतं.

"आबा, यंदा तुम्हांला तीन लाईफ," तो तालमीत म्हणाला होता.

"म्हंजे?"

"म्हंजे तीनदा मरायचं. त्या गेममध्ये असतं ना, तसं. मेलात की वरचा एक बदाम, पत्त्यातल्यासारखा, विझणार, आन् तुम्ही परत उभे."

त्या गेमचे सात भाग निघालेत. वाडीतल्या पोरांना पाच पांडव ओळीने सांगता येत नाहीत, पण सातही भागांतले राक्षस येतात. येसाजीला त्यातला एकही माहीत नव्हता. पण जाता जाता एक मरण मिळणार होतं, तिथे तीन मिळत होती. त्याने घासाघीस केली नाही.

पहिल्यांदा तो मेला तेव्हा स्वराजने माईकला मोबाईल लावून गेमातली धून वाजवली. रंगमंचावर टांगलेल्या, आत लाल दिवा बसवलेल्या तीन थर्माकोलच्या बदामांपैकी एक विझला आणि पोरं किंचाळली, "एक गेला!" येसाजी उठला. गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्यांदा तो जरा जास्त वेळ पडून राहिला. पापण्यांच्या आत सगळं लाल होतं. त्या लालात तो एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर उडी मारत होता. पाय टेकला की धून वाजायची, धून वाजली की पुढचा डोंगर आपण होऊन जवळ यायचा. खाली सावित्री नदी वाळत घातलेल्या धोतरासारखी पडली होती. महाडची घरं काडेपेट्यांएवढी झाली होती. खाली येण्याचं काही कारण दिसत नव्हतं.

"आबा, उठा!" विंगेतून स्वराज कुजबुजला.

तिसरं मरण खरं. त्यासाठीच माणसं आली होती. येसाजीने तीन गिरक्या घेतल्या, आईला हाक मारली, गदा टाकली आणि आडवा झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. धून वाजली. पुजाऱ्याने नारळ उचलला.

बदाम विझला नाही.

"गण्या, बंद कर की!"

"केला! समदी बटणं बंद हायत!" वायरमन गणूने पडद्यामागे बटणं वरखाली करून पाहिली. विझलेले दोन बदाम एकदा पेटले, परत विझले. तिसरा आपला तसाच.

"मेला नाय! मेला नाय!" पोरं ओरडली. "अजून एक लाईफ हाय!"

नियम नियम होता. पुजाऱ्याचा हात वरच राहिला. स्वराज तेवढ्यात गदा घ्यायला वाकला होता. येसाजीने एक डोळा उघडला, वर बघितलं आणि गदेवर हात ठेवला.

"ठेव ती."

तो उभा राहिला. अशा टाळ्या त्याला चौतीस वर्षांत मिळाल्या नव्हत्या.

नाथूने मनगटातल्या कड्याखालचं घड्याळ बघून त्याला आणखी दोनदा ठार मारलं. येसाजी दोन्ही वेळा मनापासून मेला आणि दोन्ही वेळा उठला.

"आबा, मरा की वो! बस जाईल माझी."

"मी कवापास्नं मरतोय रे. वरून होत नाय, त्याला मी काय करू?"

नाथूने मुकुट स्वराजच्या डोक्यावर ठेवला आणि पितांबर खोचून फाट्याकडे धूम ठोकली. गणू बदाम उतरवायला शिडी घेऊन आला. येसाजीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. गणूने शिडी परत नेली. चौतीस वर्षं राक्षस होता तो माणूस.

हळूहळू माणसं उठली. पोरांना बखोट धरून न्यावं लागलं. पुजाऱ्याने नारळ पिशवीत टाकला आणि "उद्या बघू" म्हणून तो गेला. मुकुट घातलेला स्वराज सतरंज्या गोळा करायला लागला.

शेवटी बयाबाई, येसाजीची बायको, रंगमंचाच्या कडेशी आली.

"अवो, चला आता. भाकऱ्या गार झाल्या."

येसाजी मांडीवर गदा घेऊन बसला होता. तोंडावर लाल उजेड. तो वर बघत होता, आणि मागचे डोंगर त्याला आज फार जवळ वाटत होते.

"जरा थांब गो," तो म्हणाला. "अजून एक हाय."

बोर्डावरचे पॉइंट दोन बदामांतच संपले होते, म्हणून तिसऱ्याची वायर रस्त्याच्या दिव्याला जोडली होती, हे गणूला घरी जेवायला बसल्यावर आठवलं. तो दिवा सकाळी सहाला आपोआप बंद होतो.