बंद झालेली गोळी

शाहूपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी हौसाबाईंच्या हातातली गोळ्यांची पट्टी बघितली. "मावशी, ही गोळी कंपनीनं बंद केली. हृदयाला धोका होतो हिनं." संधिवातानं आखडलेली हौसाबाईंची बोटं याच गोळीनं उघडली होती. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर त्या पुन्हा गिऱ्हाइकांसमोर म्हशी पिळायला लागल्या होत्या. मालकांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, गुडघ्यांसाठीही डॉक्टरांनी हीच गोळी दिली होती. गेल्या दिवाळीत वैरणीचा भारा उतरवताना मालक छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. "धोका हाय हे कवापास्नं म्हाईत हुतं?" हौसाबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी नजर चुकवली. "शक्यता माहीत होती. पण तुम्हा दोघांना गुण येत होता, म्हणून..." "म्हणून काय? त्यास्नी बीपी हाय, हे तुमीच सांगितलं हुतं की! माझ्या हातांसाठनं मी घेतली बी असती, काय व्हायचं ते हू दे म्हणून. पण त्यास्नी एक गोळी गिळू दिली नसती. ह्यो इचार आमी करायचा हुता, तुमी न्हवं!" त्यांच्या आवाजानं बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावली. डॉक्टरांनी घाईघाईनं दुसरी गोळी लिहून कागद पुढं केला. हौसाबाईंनी तो परत त्यांच्याकडं सरकवला आणि खुर्ची ओढून त्या समोर बसल्या. "ह्या नव्या गोळीनं काय काय हुतंय, ते आदी सांगा. समदं ऐकल्याबिगर मी उठत न्हाय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.