कापसात ठेवलेला कोट

कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून गयाबाईनं कोट ओढून काढला आणि लगेच नाकाला पदर लावला. काळ्या कातड्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. वास तर असा, की दारातली शेळी उठून चालती झाली.

"अवो, इकडं या!" ती ओरडली. "कोरड्या कापसात ठेवला व्हता ना मी हा? मंग वला काऊन?"

चंपतराव आले, कोट पाहिला आणि छपराकडं पाहू लागले. नवऱ्याची ही नजर गयाबाई लग्नापासून ओळखून होती. तिनं ढिगात पुन्हा हात घातला. आतला कापूस दमट आणि गरम लागला.

"पाणी शिपडलं तुमी कापसावर! वजनासाठी!"

"जरासंच. सारेच शिपडतात व," चंपतराव पुटपुटले. "तू अंदर कोट पुरला, हे मले काय ठाव?"

आता काय म्हणावं या माणसाला! फसवायला गेले व्यापाऱ्याला, आणि बुरशी आणली देवमाणसाच्या कोटाला. आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोलायचं तरी कोणाला?

कोट मारोतरावाचा, किनवट-आदिलाबाद गाडीच्या डायवरचा. दीडेक महिन्यामागं, पहाटेच्या कडक थंडीत, सून मनकर्णा दवाखान्यात निघाली होती, ती तामसीच्या पुढं गाडीतच मोकळी झाली. गयाबाईजवळ एक जुनेर तेवढं, तेही ओलं झालेलं. मारोतरावानं अंगातला कोट काढून दिला आणि कुडकुडणाऱ्या नातीला तिनं त्यात गुंडाळलं. पुढं किती वेळा तिनं कोट परत द्यायची भाषा केली, पण तो म्हणायचा, "थंडी जाऊ द्या मावशी. लेकरापेक्षा मोठा झालो का मी?" बारशाला गोधड्या आल्या, तसा तिनं उंदरांच्या भीतीनं कोट कापसात जपून ठेवला. घरात त्याहून कोरडी जागा नाही, असं तिला वाटलं होतं.

आणि आज सकाळी मारोतरावानं फाट्यावर गाडी थांबवून निरोप दिला. हैदराबाद राज्य मोडलं, किनवट मुंबईच्या वाट्याला गेलं, तामसी आंध्राच्या. त्याची बदली नांदेडकडं झाली होती. दिवस मावळता गाडी परत येणार, ती त्याची या रस्त्यावरची शेवटची खेप.

"असा वास घेऊन जाईन का तो मानूस?" गयाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "जनमभर म्हनन, लेकरासाठी कोट देला, तं सडवून वापस केला."

"रिठ्याच्या पाण्यात टाकू का?" चंपतरावांनी भीत भीत विचारलं.

"टाका! आन् वाळून लाकूड झाला की मोट म्हून विहिरीवर लावा!"

मग दोघं अंगणात बसली. कोरड्या फडक्यानं बुरशी पुसली, शिवणीतली काडीनं कोरून काढली. चामडं उन्हात तडकतं, हे मोटेवर पाणी ओढलेल्या घराला सांगावं लागत नाही. त्यांनी कोट गोठ्याच्या सावलीत वाऱ्याला टांगला. दुपारी मोटेचं एरंडीचं तेल बोटावर घेऊन हलक्या हातानं चोळलं. चंपतरावांनी तर खिसे उलटे करून-करून पुसले. माणूस वाईट नव्हता हो, पाण्याला तेवढा हात सैल. कातडं चमकायला लागलं, पण अस्तराला नाक लावलं की तोच कुबट वास.

दिवस कलला. मनकर्णानं लेकराला न्हाऊ घातलं, शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वेखंड आणि लसणाची सालं टाकली आणि वर टोपली पालथी घातली. लेकराला धुरी देऊन झाली तरी टोपलीतून धूर निघतच होता.

"आत्याबाई, आना तो कोट इकडं," ती म्हणाली.

"येडी झाली का व? लेकराच्या धुरीवर चामडं?" बारसं झाल्यापासून गयाबाईनं तो कोट कापसाच्या खोलीपुढं घरात येऊ दिला नव्हता. आत देव होते ना, चामडं कसं चालायचं!

"तिच्या अंगाले पयलं लागलं, ते चामडंच ना?"

 गयाबाई उठली, स्वतःच्या हातानं कोट आणला आणि अस्तर खाली करून टोपलीवर पसरला. "शिकवलं बाप्पा सुनेनं," असं म्हणून ती टोपलीची कड उचलून निखाऱ्यांवर आणखी मूठभर ओवा टाकायला बसली.

फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा सगळं घर तिथं उभं होतं. गयाबाईनं कोट पुढं केला आणि कापूस, पाणी, बुरशी, सगळं एका दमात सांगून टाकलं, नवऱ्याकडं बोट दाखवून. चंपतराव आपले पायांकडं पाहत राहिले.

"घासला, पुसला, धुरी देली. तरी वास येईन भाऊ, माफ करा. तुमचे उपकार केवढे, आन् आमी हे असं..."

मारोतरावानं कोट नाकाशी नेला. त्यानं पुन्हा वास घेतला, या खेपेला सावकाश, आणि मनकर्णाच्या हातातल्या पोरीकडं पाहिलं. मागून कंडक्टरनं घंटी वाजवली. मारोतराव गाडीत चढला, कोटाची नीट घडी केली आणि सदऱ्यावरच स्टेअरिंगशी बसला.

"अवो, घाला ना अंगात!" गयाबाई खिडकीशी धावली. "रानातून जाता, थंडी लागन!"

"नाई मावशी," तो म्हणाला, "वाऱ्यानं लेकराचा वास उडून जाईन."