एव्हरेटच्या बॅगेतलं पिस्तूल

पट्टा पुढे सरकत होता आणि रॉइस टिडवेलची नजर एव्हरेटच्या तपकिरी बॅगेवरून हलत नव्हती. बॅग तपासणीच्या यंत्रात शिरली. पडद्यासमोर बसलेल्या बाईने जांभई दिली, शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि बॅग पलीकडून सुखरूप बाहेर आली. एव्हरेटने ती खांद्याला लावली, रॉइसच्या बायकोची, डेलाचीही उचलली आणि दोघं गप्पा मारत विमानाकडे निघाली.

त्या बॅगेच्या अस्तराखालच्या चोरकप्प्यात रॉइसच्या वडिलांचं छोटं पिस्तूल होतं. गाडीत सामान चढवताना ते रॉइसनेच तिथे सरकवलं होतं.

टेक्ससमध्ये माणसं खिशात किल्ल्या विसरावीत तशी बॅगेत पिस्तुलं विसरतात. विमानतळावर रोज कुणी ना कुणी सापडतं. पोलीस येतो, दंड होतो, विमान चुकतं आणि माणूस मान खाली घालून घरी जातो. रॉइसला तेवढंच हवं होतं. एव्हरेटचं विमान चुकावं.

डेलाच्या भाचीचं लग्न दूरच्या एका बेटावर होतं आणि लग्नात डेला आणि एव्हरेट मिळून गाणार होते. एव्हरेट चर्चच्या गायकमंडळींचा म्होरक्या. विधुर, बोलघेवडा, कुणालाही हसवणारा. तालीम संपवून डेला गुणगुणत घरी यायची आणि रॉइसने दार उघडलं की तिचं गुणगुणणं थांबायचं. रॉइसला त्या थांबण्याचाच जास्त राग यायचा. त्याला स्वतःला साधं भजनही सुरात म्हणता येत नसे.

बेटावर उतरल्यावर टॅक्सीवाल्याने हसत हसत गोष्ट सांगितली. मागे एका अमेरिकन म्हाताऱ्याच्या सामानात परतीच्या वेळी एक काडतूस सापडलं, नुसतं काडतूस, तर तो अजून तुरुंगात आहे. येताना इथे कुणी फारसं बघत नाही. जाताना मात्र चिंधी न् चिंधी झाडतात.

"रॉइस, खिसे झाडून घे बाबा," एव्हरेट म्हणाला. "तू तर झोपतोसही बंदूक उशाशी घेऊन."

डेला खुदकन हसली. रॉइसच्या तोंडचं पाणी पळालं.

पिस्तूल काढून घ्यायचं त्याने ठरवलं, पण एव्हरेटची खोली कुलूपबंद आणि किल्ली एव्हरेटच्याच खिशात. तो आणि डेला किनाऱ्यावर तालीम करत बसत. गाता गाता ती त्याच्या खांद्यावर ताल धरी. रॉइस लांबून बघे. एकदा त्याच्या मनात आलं, आपण गप्प बसलो तर? परतीच्या दिवशी हा धरला जाईल आणि वर्षानुवर्षं आत राहील. तो विचार त्याला इतका गोड लागला की तो स्वतःलाच घाबरला.

मंगळवारी दुपारी त्याने डेलाला सगळं सांगून टाकलं.

तिने आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, "आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"बोलू नकोस. का केलंस असं?"

"तू त्याच्याबरोबर गातेस ना, तेव्हा मी जगात नसल्यासारखा होतो."

डेलाने त्याच्या मनगटावरची वाळू हलकेच झटकली. "उद्या त्याला मासेमारीला घेऊन जा," ती म्हणाली. "गाण्याचे कागद काढायचे म्हणून मी त्याच्याकडून किल्ली मागून घेते. पुढचं माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी होडीत एव्हरेट आपल्या गेलेल्या बायकोबद्दल बोलला. तिला मासे आवडायचे नाहीत, पण ती त्याच्यासाठी तळायची. ह्या माणसाला आपण तुरुंगात पाठवायला निघालो होतो, ह्या विचाराने रॉइसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धक्क्यावर डेला उभी होती.

"समुद्रात टाकलंस?" रॉइसने हळूच विचारलं.

"समुद्रात," ती म्हणाली.

लग्नात डेला आणि एव्हरेटने गाणं म्हटलं. इतक्या वर्षांत रॉइसने त्यांना पहिल्यांदाच धड ऐकलं. गाणं सुंदर होतं. त्याने टाळ्या वाजवल्या, एव्हरेटला मिठी मारली आणि नंतर बायकोबरोबर तिचे पाय तुडवत नाचलाही.

निघायच्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून आला तर डेलाने त्याची बॅग भरून ठेवली होती. सगळ्या संसारात आपली बॅग आपणच भरणाऱ्या रॉइसला शर्टांच्या त्या नीटस घड्या बघून भरून आलं. त्याने तिच्या केसांवर ओठ टेकवले. घरी गेल्यावर आपणच तिला तालमीला सोडायला जायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

विमानतळावर खरोखरच चिंधी न् चिंधी झाडत होते. एव्हरेटची बॅग गेली. डेलाची गेली. रॉइस मनोमन देवाचे आभार मानत होता, तेवढ्यात पट्टा थांबला.

बॅग त्याची होती. तपासणाऱ्या मुलीने शर्ट एकेक करून बाजूला ठेवले आणि सर्वांत खालच्या शर्टाच्या घडीतून त्याच्या वडिलांचं पिस्तूल बाहेर काढलं.

दोन शिपाई त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. रॉइसने डेलाला शोधलं. ती पलीकडे उभी होती, एव्हरेटच्या दंडाला धरून.

"बाई, तुम्ही ह्यांच्याबरोबर आहात का?" अधिकाऱ्याने विचारलं. "ही बॅग ह्यांचीच?"

"हो," डेला शांतपणे म्हणाली. "आणि पिस्तूलही त्यांच्या वडिलांचं. सामानात आपणच लपवून आणलं, असं मंगळवारी त्यांनीच मला सांगितलं."